जुनी मोटार घेताना

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहायचे म्हणजे पाऊस, आई, हुंड्याची चाल किंवा आजची तरुण पिढी यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा अलिखित संकेत आहे. मी लिहिणार आहे जुन्या मोटारीवर. विषय ऐकून संपादक मंडळातील सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "हा वाणिज्य शाखेचा मजकूर तर नव्हे?" नव्हे, सर. आमच्या घरात गेल्या वर्षी घेतलेल्या सर्वांत मोठ्या निर्णयाचा हा मजकूर आहे; आणि त्या निर्णयात माझ्या वाट्याला जे काम आले, ते केवळ मी महाविद्यालयात जाते म्हणून आले.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील गवंडी आहेत. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला जाते आणि घरी दोन म्हशी होत्या, त्यांचे पाहते. (आता एकच आहे. ते पुढे येईल.) पलूस तालुक्यात कृष्णेकाठी आमचे गाव. दीड वर्षापूर्वी आजीच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला मिरजेस डायलिसिससाठी न्यावे लागते. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. पण योजना काही दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडत नाही. चार तास यंत्राला बांधून घेतलेले म्हातारे माणूस उठते तेव्हा त्याचा रक्तदाब उतरलेला असतो, पायात बळ नसते. एस.टी.च्या पायऱ्या तिच्याने चढवत नाहीत. भाड्याची गाडी एका खेपेला १४०० रुपये घेते. आठवड्यास दोन खेपा, वर्षास १०४. म्हणजे १,४५,६०० रुपये. हा आकडा मी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि वडिलांपुढे ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यात तर जुनी गाडी येतीया."

येथपर्यंत घरात एकमत होते. मतभेद सुरू झाले ते 'कोणती' या प्रश्नावर.

माझे चुलते, तात्या, यांनी एक डिझेलवर चालणारी थोरली गाडी पाहून ठेवली होती. दिल्ली पासिंग, सात माणसे बसतील अशी, काळीभोर, रुंद टायरांची. मागणी २ लाख ४० हजार. नवी असताना तिची किंमत याच्या पाचपट होती, हे तात्यांनी तीनदा सांगितले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: "गाडी घ्यायची तर दारात उभी राहिल्यावर चार माणसं थबकली पाहिजेत." याला काय उत्तर द्यावे? आमच्या घरापुढे आजवर कोणी थबकलेले नाही. ती इच्छा मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्याही मनात ती क्षणभर आली होतीच.

पण प्रश्न असा की, पाचपट किमतीची वस्तू आपल्याला एवढ्या स्वस्तात का मिळते? त्याचे पहिले कारण मला वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत सापडले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. (२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने अशा गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, पण तोवर पुष्कळ गाड्या दिल्ली सोडून गेल्या होत्या.) तिकडे जी गाडी दाराशी उभी करणेही अवघड झाले, ती मालकाने मिळेल त्या किमतीस काढली आणि ती ट्रेलरवर चढून आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत आली. परराज्यातील गाडी येथे आपल्या नावावर करायची तर तिकडचा ना हरकत दाखला लागतो, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. तो २ लाख ४० हजारांत धरलेला नव्हता.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे आणि याच कारणासाठी मी हा लेख लिहिते आहे. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिची भूक मात्र उतरत नाही. थोरली गाडी जुनी झाली म्हणून कमी डिझेल पीत नाही. तिचे टायर, क्लच, इंजेक्टर नव्या थोरल्या गाडीच्याच भावाने येतात. पहिल्या मालकाची मिळकत त्या गाडीला शोभेशी होती, दुसऱ्याची थोडी कमी. तिसरा मालक म्हणून आपण येतो तेव्हा घसरलेली असते फक्त खरेदीची रक्कम, आणि गाडी सर्वांत जास्त दुरुस्ती मागण्याच्या वयात आलेली असते. म्हणून ज्याच्याजवळ पैसे सर्वांत कमी, त्याच्याच गळ्यात सर्वांत खर्चीक गाडी पडते. आमच्याच आळीत अशा दोन गाड्या आज ताडपत्रीखाली उभ्या आहेत.

मी पुन्हा वही काढली. मिरजेस जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. १०४ खेपांचे ७२८० किलोमीटर. थोरली गाडी लिटरला अकरा देते असे धरले तर साडेसहाशे लिटरांच्या वर डिझेल, म्हणजे साठ हजार रुपये. लहान पेट्रोल गाडी अठरा देते. चारशे लिटर, बेचाळीस हजार. विम्याचे दर तर सरकारनेच ठरवून दिले आहेत. तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याला १ जून २०२२ पासून १००० सी.सी. पर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २०९४ रुपये पडतात, १५०० पर्यंत ३४१६ आणि त्यापुढे ७८९७, वर जी.एस.टी. वेगळा. गाडी जुनी की नवी, हे तेथे कोणी विचारत नाही. देखभालीचे मी आमच्या गावच्या गॅरेजमधील मिस्त्रींना विचारले. लहान गाडीस त्यांनी वर्षाला दहा हजार सांगितले, थोरल्या गाडीचे सांगण्याआधी ते हसले आणि म्हणाले, "तीस धर. आणि टर्बो गेला तर मला शिव्या देऊ नको." बेरीज केली. लहान गाडी पंचावन्न हजारांत वर्ष काढते, थोरलीला लाख लागतात. पंचेचाळीस हजारांचा फरक! आई भांगलणीला जाऊन वर्षात तेवढे मिळवत नाही.

तात्यांनी वही पाहिली नाही. म्हणाले, "बी.ए. करून गाडीचं इंजिन कळतंय व्हय?"

इंजिन कळत नाही, हे खरे. पण बी.ए.ला एक गोष्ट शिकवतात आणि ती तात्यांना सांगण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही, म्हणून येथे सांगते. जॉर्ज ॲकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला. विषय जुन्या मोटारींचा बाजार! अमेरिकेत खोट्या निघालेल्या मोटारीस 'लिंबू' म्हणतात. ते लिंबू त्याने निबंधाच्या शीर्षकातच घातले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीचे खरे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा भीतीपोटी सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो ती घरीच ठेवतो. मग बाजारात लिंबेच जास्त उरतात, भाव आणखी पडतो आणि उरलेल्या चांगल्या गाड्याही निघून जातात. हा निबंध छापण्यापूर्वी तीन नियतकालिकांनी परत केला होता (आमच्या संपादक मंडळाने याची नोंद घ्यावी), आणि २००१ साली त्याच कामासाठी ॲकरलॉफ यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात हा भाग झाला तेव्हा परीक्षेत पाच गुणांना येतो एवढेच मी मनावर घेतले होते. नंतर एका शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी राहिले, तेव्हा तो निबंध मला खरा समजला. पांढरी शुभ्र छोटी गाडी, १ लाख ३५ हजार. आत अत्तराचा वास. दुकानदार वडिलांशी बोलत होता. माझ्याकडे त्याचे लक्ष नव्हते, त्याचा फायदाच झाला. मिस्त्रींनी मला सांगून ठेवले होते की, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहायचा. गाडी धुतात, गाद्या बदलतात, पण पट्ट्याचे गुंडाळलेले टोक सहसा कोणी धूत नाही. मी ओढला. तळाशी मातकट तपकिरी रेघ होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात छातीएवढे चढले होते. उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली, ती दोनदा चुना देऊनही अजून दिसते. तीच रेघ. स्टेपनीच्या खळग्यात हात घातला तर बोटांना वाळलेला गाळ लागला. वडिलांना हाक मारून नुसती बोटे दाखवली. त्यांनी काही न बोलता इसाराचे पैसे पुन्हा आतल्या खिशात ठेवले. आमच्याकडे २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर झाले. पाण्यात बुडालेली गाडी चालते, नाही असे नाही. पण तिच्यातल्या विजेच्या तारा आतून गंजत राहतात आणि ती कधी, कोठे बंद पडेल याचा नेम नसतो. डायलिसिसहून परतताना, संध्याकाळी, भर रस्त्यात अशी गाडी बंद पडली तर काय, हा विचार मी त्या दिवशी घरी येईपर्यंत करत होते.

कागद पाहणे म्हणजे विकणाऱ्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. "माणूस ओळखीचा आहे," एवढ्यावर लाखाचे व्यवहार होतात. मला ही समजूत घातक वाटते. आरसीवर बँकेचा बोजा आहे की उतरला, विमा चालू आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा क्रमांक घालून पाहता येते. चासी नंबर आरसीशी ताडून पाहायला पाच मिनिटे पुरतात. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाला ते सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतो आणि गाडीचे टायर दुसऱ्या जोडाचे, ब्रेकच्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत, तर मीटर मागे फिरवला आहे हे ओळखावे. यांपैकी कशालाही इंजिन कळावे लागत नाही. वाचता यावे लागते, आणि विचारण्याची लाज वाटू नये लागते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, निदान मुलीला.

नावावर करून घेण्याबाबतही असाच आळस. विकणारा कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून देतो, घेणारा ते कपाटात ठेवतो आणि गाडी जुन्याच नावावर फिरत राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत निकाल दिला आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे ही काळजी घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यानेच अधिक करावी. आपल्या प्राध्यापकवर्गात नुकत्याच गाड्या विकलेले कोणी असतील, तर त्यांनी एकदा खात्री करून घ्यावी, ही नम्र सूचना.

गाडी कोणत्या कंपनीची, यावर आमच्या वर्गातील मुले तासन् तास वाद घालतात. माझी कसोटी एवढीच की, तिचा भाग तालुक्याच्या दुकानात मिळावा आणि गावच्या मिस्त्रीला ती खोलता यावी. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले; तरी तिचे नाव काढताच आमचे मिस्त्री डोळे मिटून इंजिन उतरवण्याची भाषा करतात. उलट जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले, तिचा तळेगावचा कारखानाही २०२० अखेर बंद झाला. तिच्या जुन्या गाड्या दणकट असतील, स्वस्तही मिळतात. पण काचेची एक मोटर मागवायला शहर गाठावे लागणार असेल तर तो स्वस्तपणा आमच्या कामाचा नाही. सी.एन.जी.चा विचार केला आणि सोडला. टाकी मागची सगळी जागा खाते, आणि आम्हाला तेथे आजीची चाकाची खुर्ची ठेवायची होती.

शेवटी दोन गाड्या उरल्या: एक अल्टो आणि एक २०१३ ची वॅगनआर. अल्टो पंचवीस हजारांनी स्वस्त, पेट्रोलही थोडे कमी पिणारी. माझी वही अल्टोच्या बाजूने होती. तेव्हा आई म्हणाली, "जिला बसायचंय तिला विचारा की." आम्हांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते! दोन्ही गाड्या एकाच रविवारी दाराशी मागवल्या. अल्टोत बसताना आजीला खाली वाकावे लागले; गुडघे वळेनात, वडिलांनी काखेत हात घालून उचलले तेव्हा ती कण्हली. वॅगनआरचे दार उंच, आसन तिच्या मांडीच्या उंचीचे. ती पाठ करून टेकली, पाय आत घेतले आणि बसली, कोणी हात न लावता. म्हणाली, "ही बरी हाय. पाटावर बसल्यावानी." माझ्या वहीत या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

मालक एक निवृत्त गुरुजी होते. एकच मालक, एम.एच. १० पासिंग, प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती फाईलमध्ये दोऱ्याने ओवलेली. त्यांनी २ लाख १५ हजार मागितले. मी म्हणाले, "गुरुजी, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जी.एस.टी. अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली तर जुनीही थोडी उतरायला हवी. शिवाय हिची पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ साली संपते आणि नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली आहे, वर पर्यावरण कर." गुरुजींनी विचारले, "बाळ, काय शिकतेस?" मी सांगितले. १ लाख ९५ हजारांत व्यवहार झाला. त्यांतले काही वडिलांचे, काही आईच्या बचत गटाचे कर्ज आणि बाकीचे थोरल्या म्हशीचे. ती दिवसाला सात लिटर देत होती. तिला न्यायला टेम्पो आला तेव्हा मी मुद्दाम महाविद्यालयातच थांबले. तेव्हा कोणी मला हिशेबी म्हणत असेल तर म्हणो.

तक्रारी आहेत, त्या लपवत नाही. थंडीत पहिल्या चावीला गाडी लागत नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ही गाडी त्या मिश्रणासाठी घडवलेली नाही, आणि अठराऐवजी ती सतराच देते. आमच्याच भागातल्या उसाचे इथेनॉल आमच्याच खिशातून एक किलोमीटर काढून घेते, यावर वडील रोज एकदा हसतात. तात्या दोन महिने बोलत नव्हते. परवा त्यांच्या सुनेला रात्री दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा वडिलांनी न विचारता चावी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा टाकी भरलेली होती.

मंगळवारी वडील काम बंद ठेवून आजीला नेतात. शुक्रवारी मी नेते. परवाना मी गेल्या उन्हाळ्यात काढला. शुक्रवारचे शेवटचे दोन तास माझे बुडतात, त्याबद्दल संबंधित प्राध्यापकांची येथे क्षमा मागते. टिपणे मैत्रिणीकडून उतरवून घेते. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी जुनी गाडी घेण्याचे चालले असेल, तर चौथ्या तासानंतर मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर असते. येताना गाडीचा क्रमांक, एक टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक आणावे. पत्र्यात जेथे लांबी भरलेली असते तेथे ते चिकटत नाही. आणि गाडी पाहायला सकाळी लवकर, न कळवता जावे. बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे याची खात्री करावी आणि मगच चावी मागावी.